तुळसाबाईंचं बोलणं

"मग पुसलं कुणी?" भन्तेंनी विचारलं.

"कुणीच नाही, भन्ते. ते तिथे कधी नव्हतंच."

"पण त्या बोलल्या होत्या."

"हो."

"बटण दाबून बोलल्या होत्या."

"हो..."

भन्ते रेवतांनी हातातली काठी भिंतीला टेकवली आणि ते ओट्यावर बसले. प्रज्वल उभाच होता. त्याच्या मुठीत एक पेन ड्राइव्ह होता आणि त्यात काही नव्हतं.

वैनगंगेच्या काठचा हा विहार. पवनीचा रस्ता सोडून थोडं आत यावं लागतं. विहाराच्या मागे आजाऱ्यांसाठी खोल्या आहेत. दवाखान्याने 'आता घरी न्या' म्हणून सांगितलेली आणि घरी नेऊन सांभाळणारं कुणी नसलेली माणसं तिथे येतात. थोडे दिवस राहतात. मग जातात.

त्या खोल्यांच्या टोकाला एक लहान खोली होती. सगळे तिला बोलायची खोली म्हणत. आत एक खुर्ची, एक माइक, एक छोटा कॉम्प्युटर, एक बटण आणि बटणाशेजारी एक दिवा. मागे राहणाऱ्या कुणाला काही सांगायचं असेल, तर आजाऱ्याने आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि बोलायचं. जवळ कुणी थांबायचं नाही. बोललेलं विहारात कुणी उघडून ऐकायचं नाही. ज्याच्यासाठी असेल त्याच्याच हातात द्यायचं. हा नियम भन्तेंनी घालून दिला होता.

यंत्रांची मांडणी प्रज्वल नंदागवळीची. त्याने पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत कित्येक वर्षं सर्व्हर सांभाळले होते. नोकरी सोडून तो इथे आला तो चीवर घ्यायला, भिक्खू व्हायला. भन्ते त्याला श्रामणेर दीक्षा देत नव्हते, आणि देणार नाही असंही म्हणत नव्हते.

"मी तयार आहे, भन्ते," असं तो अधूनमधून म्हणायचा.

"बरं," भन्ते म्हणायचे, आणि आपल्या कामाला लागायचे.

आज तुळसाबाई नान्हेंची मुलगी येणार होती.

तुळसाबाई बाजारात मासोळी विकायच्या. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर तो उलटला. जीभ रोज थोडी जड होत चालली, तेव्हा त्यांनी शालिनीबाईंना हाताला धरून सांगितलं की मले लेकीशी बोलून घेऊ दे, मंग नाई बोलता येणार. शालिनीबाई आजाऱ्यांचं सगळं बघत. त्यांनी तुळसाबाईंना बोलायच्या खोलीत नेऊन बसवलं आणि दार ओढून घेतलं. तुळसाबाई बराच वेळ आत होत्या.

त्यानंतर त्यांचं बोलणं गेलं. मुलगी रंजना बुटीबोरीच्या कारखान्यातून सुट्टी काढून आली तेव्हा तुळसाबाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग हात उचलून त्यांनी बोलायच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे आहे, असं.

त्या गेल्या. अंत्यविधी झाला. रंजना म्हणाली, "आता नाई आयकवत मले. मंग येईन."

ती आज येणार होती.

"कधी कळलं तुला?" भन्तेंनी विचारलं.

"आत्ता सकाळी. तिला द्यायला म्हणून काढून ठेवायला गेलो. आदल्या दिवशीची रेकॉर्डिंग आहेत, नंतरची आहेत. त्या दिवसाचं काहीच नाही."

"नीट पाहिलंस?"

"सगळं पाहिलं, भन्ते. केबल हलवून पाहिली. सर्व्हरचा पत्ता तपासला, नाव तपासलं. पासवर्ड बदलला गेलाय का ते पाहिलं. परवानग्या पाहिल्या. कुठेच काही चुकीचं नाही."

"म्हणजे सगळं नीट आहे."

"आत्ता नीट आहे."

"मग बिघाड कुठे आहे?"

"सुरू होताना. एकदा सुरू झालं की तो दिसत नाही."

भन्तेंनी काठी घेतली आणि उठले.

"मग सुरू होतानाच दाखव."

बोलायच्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. प्रज्वलने ऑफिसात जाऊन मेन स्विच पाडला. पंखे हळू होत थांबले. मागच्या खोलीतून कुणाचं तरी कण्हणं एकदम मोठं ऐकू येऊ लागलं. त्याने स्विच पुन्हा वर केला आणि तो बोलायच्या खोलीत परत आला. भन्ते आजाऱ्यांच्या खुर्चीत बसले होते. पडद्यावर अक्षरं सरकू लागली.

"हा काय करतोय?"

"जागा होतोय. हा स्वतःजवळ काही ठेवत नाही, भन्ते. 'आवाज' नावाचं फोल्डर इथे दिसतं, पण ते असतं ऑफिसातल्या सर्व्हरवर. हा जागा झाला की सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हरने ओ दिली की तिथलं फोल्डर इथे येऊन जोडलं जातं. आम्ही त्याला माउंट होणं म्हणतो."

"आणि ओ दिली नाही तर?"

"थोडा वेळ वाट बघतो. मग सोडून देतो."

"पुन्हा हाक मारत नाही?"

"नाही. मी तसं सांगितलेलं नाही त्याला."

"सर्व्हर ओ का देत नाही?"

"वीज अशी अचानक गेली की उठल्यावर तो आधी आपली डिस्क तपासत बसतो. त्याला वेळ लागतो. मधलं नेटवर्क चालू झालेलं असतं, त्यामुळे याला वाटतं की पलीकडे सगळे उठलेत. पण तो अजून उठलेला नसतो."

"हे तुला आधी माहीत नव्हतं?"

प्रज्वलने मान खाली घातली.

"माहीत होतं. पूर्वी एकदोनदा सकाळी फोल्डर जोडलं गेलं नव्हतं. मी याला सुरू होताना थोडं थांबायला सांगितलं आणि विषय संपला असं समजलो. बहुतेक दिवस तेवढं पुरायचं."

पडद्यावर एक ओळ आली आणि वर सरकून गेली. प्रज्वलने तिच्याकडे बोट केलं.

"ही बघा. सोडून दिलं त्याने."

तेवढ्यात बटणाशेजारचा दिवा लागला. हिरवा.

भन्ते त्या दिव्याकडे बघत राहिले.

"हा काय म्हणतोय?"

"मी तयार आहे, म्हणतोय."

"तयार आहे?"

प्रज्वलने पडद्यावर 'आवाज' फोल्डर उघडलं.

"फोल्डर दिसतंय की रे," भन्ते म्हणाले.

"नाव तेच आहे. पण हे याचं स्वतःचं. रिकामं. सर्व्हरचं फोल्डर येतं ते याच्यावर येऊन बसतं आणि हे खाली झाकलं जातं. ते आलं नाही की हेच उघडं राहतं."

"आणि बोलणाऱ्या माणसाला काय कळतं?"

"काही नाही. दिवा हिरवा असतो. तो बटण दाबतो, बोलतो. ते यात जाऊन पडतं."

"म्हणजे तुळसाबाईंचं बोलणं यात पडलं."

"हो."

"मघाशी तू म्हणालास, ते तिथे कधी नव्हतंच."

"सर्व्हरवर नव्हतं म्हणालो."

"इथे होतं."

"...हो."

"मग इथून कुठे गेलं?"

बाहेर व्हरांड्यात शालिनीबाई कुणाला तरी धरून चालवत होत्या. पाय घासल्याचा आवाज दारापाशी आला आणि पुढे गेला. प्रज्वल तो आवाज जाईपर्यंत थांबला.

"वीज सारखी जाते, त्याने यातली मेमरी कार्डं खराब व्हायची. म्हणून मी याला असं बसवलं की दिवसभर जे काही लिहील ते फक्त तात्पुरतं. बंद झाला की सगळं विसरायचं. पुन्हा उठला की पहिल्या दिवसासारखा. त्यामुळे हा कधी बिघडत नाही."

"मला आठवतं. तू फार आनंदाने सांगितलं होतंस."

"हो."

"त्या दिवशी वीज पुन्हा गेली होती?"

"नाही..."

भन्ते उत्तराची घाई करत नसत.

"त्या दिवशी मी दिवसभराच्या ध्यानाला बसलो होतो," प्रज्वल म्हणाला. "इथेच, बाहेरच्या बाकावर. तुळसाबाईंना आत नेलं तेही मला कळलं नाही, नाहीतर उठून गेलो असतो. दुपारी शालिनीबाई आल्या. जुनी रेकॉर्डिंग दिसत नाहीत म्हणाल्या, कुणाचा तरी मुलगा न्यायला आला होता. मी डोळे उघडले नाहीत. म्हणालो, बंद करून चालू करा."

"त्यांनी केलं?"

"केलं. तोवर सर्व्हर उठलेला होता. फोल्डर जोडलं गेलं. जुनी सगळी दिसायला लागली. त्या येऊन म्हणाल्या, झालं दादा. मी मान हलवली."

"बंद केलं नसतं तर?"

"तर होतं ते. मी येऊन बघितलं असतं तर उचलून ठेवता आलं असतं... एवढंसं काम होतं, भन्ते."

पडद्यावरच्या रिकाम्या फोल्डरवर पंख्याची सावली फिरत होती.

"कुणी पुसलं?" भन्तेंनी पुन्हा विचारलं. आवाज मघासारखाच होता.

"मी."

ऑफिसातला सर्व्हर एव्हाना उठला असावा, पण आता त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं.

"तिला काय सांगू?" प्रज्वलने विचारलं. "यंत्रात बिघाड झाला असं सांगितलं तर... तेही काही खोटं नाही."

"बिघाड झाला होता?"

प्रज्वलने विचार केला.

"नाही. मी सांगितलं होतं तसंच वागलं ते."

भन्ते उठले. भोजनाची वेळ झाली होती. दाराशी ते थांबले.

"ती आली की मी शेजारी बसेन," ते म्हणाले. "बोलायचं तू."

रंजना दुपारच्या बसने आली. कारखान्याचा निळा शर्ट तिने साडीवर घातला होता, कामाची पाळी संपवून तशीच निघाली असावी. तिने भन्तेंना वाकून नमस्कार केला आणि पर्समधून मोबाइल काढला.

"याच्यात भरून देता का?" ती म्हणाली. "घरी जाऊन आयकीन. इथं नाई."

व्हरांड्यातल्या बाकावर भन्ते बसले. प्रज्वलने तिला खुर्ची दिली, पण ती खालीच बसली. मग तोही खाली बसला.

"ताई, त्याचं असं झालं, की त्या दिवशी सकाळी वीज जाऊन आली होती. सर्व्हर अजून सुरू व्हायचा होता आणि इकडचा कॉम्प्युटर आधी सुरू झाला, त्यामुळे फोल्डर जोडलं गेलं नाही, आणि रेकॉर्डिंग तात्पुरत्या..."

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हंजे हाय का नाई?"

"नाही."

"नाई?"

"नाही, ताई. माझ्या चुकीने गेलं. मला बंद करून चालू करा म्हणायला नको होतं. मी उठून बघायला हवं होतं. मी उठलो नाही."

रंजनाने मोबाइल मांडीवर ठेवला. त्याच्या पडद्यावरचा उजेड थोड्या वेळाने आपोआप गेला.

"कुठंतरी असंलच ना," ती म्हणाली. "आमच्या पोराचे फोटो असेच गेल्ते. दुकानवाल्यानं काढून देल्ले."

"ते वेगळं असतं. हे कार्डावर लिहिलंच गेलं नव्हतं. काढायला काही नाही."

"नागपूरले नेलं तर?"

"नाही, ताई."

भन्ते समोर नदीच्या दिशेला बघत होते. प्रज्वलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी मान वळवली नाही.

"तिनं का म्हणलं, कुणालेच नाई मालूम?"

"नाही. आत कुणी थांबत नाही."

"तुमी कुठं होता तवा?"

प्रज्वलने बाकावर हात ठेवला.

"इथेच. या बाकावर."

"इथं?" तिने बाकाकडे पाहिलं, मग बोलायच्या खोलीच्या दाराकडे. मध्ये फार अंतर नव्हतं. "मंग आयकू आलं असंल थोडंसं."

"नाही आलं."

"तिचा आवाज लई मोठा होता, दादा. बाजारात बसून वरडली का स्टँडावरच्या माणसाले समजे, आज कोणची मासोळी हाय. जीभ जड झाली तरी आवाज होता तिले. दारातून आलाच असंल."

"मी ध्यानाला बसलो होतो. बाहेरचं काही ऐकू येऊ नये, असा प्रयत्न करत होतो."

"मंग?"

"मग नाही आलं."

त्या संध्याकाळी प्रज्वलने भन्तेंना सांगितलं होतं की आज दिवसभर एकही आवाज मनाला शिवला नाही. सांगताना त्याला फार हलकं वाटलं होतं. भन्ते तेव्हाही "बरं" म्हणाले होते.

"रडत होती का, तेही नाई समजलं?" रंजनाने विचारलं.

प्रज्वलने नकारार्थी मान हलवली.

ती चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि शालिनीबाईंना हाक मारली.

"बाई, बाहीर आली तवा कशी होती माय?"

शालिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचे डोळे लाल होते.

"थकली होती," त्या म्हणाल्या. "पाणी मागितलं. मग म्हणाली, झालं बाई माझं. आणि झोपली."

"झालं म्हणली?"

"हो."

रंजनाने ते दोन-तीनदा हळू आवाजात स्वतःशीच म्हणून पाहिलं. झालं बाई माझं.

मग ती उठली.

"त्या खोलीत बसू का मी जरा?"

भन्तेंनी मान हलवली. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिघं बाहेर थांबले. मग भन्ते उठले आणि चालू लागले, तेव्हा नियम आठवून प्रज्वल आणि शालिनीबाईही दूर गेले.

रंजना बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. शालिनीबाईंनी तुळसाबाईंची पिशवी तिच्या हातात दिली. त्यात लुगडं, कंगवा आणि स्टीलचा पेला होता. प्रज्वल फाटकापर्यंत तिच्या मागे गेला. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. बस आली, ती चढली आणि खिडकीशी न बसता आतल्या बाजूला बसली.

बोलायच्या खोलीत बसल्यावर तिने बटण दाबलं होतं की नाही, हे प्रज्वलने बघितलं नाही.

पुढचे काही दिवस तो ध्यानाला बसला नाही. त्याने ती मांडणी मुळापासून काढली. आता लहान कॉम्प्युटर फक्त उठल्यावर हाक मारून थांबत नव्हता. सर्व्हरची ओ येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा हाक मारत राहायचा, आणि कुणी बटणाला हात लावला की आधी तिकडे फोल्डर खरोखर जोडलेलं आहे का ते बघायचा. खालचं रिकामं फोल्डर प्रज्वलने असं बंद करून टाकलं की त्यात कुणालाही काही लिहिता येणार नाही. सर्व्हर जोडलेला नसेल तोवर दिवा लाल राहायचा.

मेन स्विच पाडून, पुन्हा चढवून त्याने ते पारखलं. आधी सर्व्हर उठवून पाहिला, मग उशिरा उठवून पाहिला. मधली केबल काढून पाहिली. दर वेळी तो आजाऱ्यांच्या खुर्चीत बसून दिव्याकडे बघत राहायचा. लाल. लाल. लाल. मग हिरवा.

काम पुरं झालं त्या सकाळी त्याने आपले कपडे पिशवीत भरले. चीवरासाठी घेऊन ठेवलेलं कापड त्याने ऑफिसातल्या कपाटात ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावून तो भन्तेंपाशी आला. भन्ते ओट्यावर बसून भिक्षापात्र पुसत होते.

"यंत्र नीट झालं, भन्ते."

"आता चुकणार नाही?"

"आता जोडलेलं नसेल तर ते बोलणं घेणारच नाही. तसं स्पष्ट सांगेल."

"चांगलं केलंस."

"मी निघतो."

भन्तेंनी पिशवीकडे पाहिलं.

"कुठे?"

"पुण्याला. नाहीतर कुठेही... मी तुम्हाला सारखं म्हणायचो ना, मी तयार आहे. तुम्ही बरं म्हणायचात. तुम्हाला दिसत होतं?"

"काय?"

"की मी तयार नाही."

भन्ते पात्र पुसत राहिले.

"मला फक्त माणूस दिसत होता," ते म्हणाले. "डोळे मिटलेला."

प्रज्वल वंदन करायला वाकला, आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. मागच्या खोल्यांमधून खोकल्याचे, कण्हण्याचे आवाज वर आले. थोड्या वेळाने वीज परत आली, आणि पंखा पुन्हा फिरू लागला. तो उठून उभा राहिला, पण त्याचा पाय निघेना.

शालिनीबाई घाईने आल्या.

"दादा, दिवा लाल आहे. कोवे आजोबांना आत बसवलंय."

कोवे आजोबा जंगलखात्यात चौकीदार होते. छाती पार गेलेली. नाकाला नळी लावूनच ते येत-जात. त्यांचा मुलगा कुठे आहे हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण त्याच्याशी बोलायचं म्हणून ते दोन दिवस मागे लागले होते.

"सर्व्हर डिस्क तपासतोय," प्रज्वल म्हणाला. "थांबायला सांगा त्यांना. होईल थोड्या वेळात हिरवा."

"सांगितलं. थांबत नाही म्हणतात. आत्ता दम आहे, मग राहणार नाही म्हणतात. ओठ निळे पडलेत त्यांचे."

"पण आत्ता बोलले तर ते कुठेच जाणार नाही. मीच तसं केलंय. आणि विहारातला एकच फोन, तोही साधा, त्यात आवाज भरता येत नाही."

शालिनीबाईंनी भन्तेंकडे पाहिलं. भन्तेंनी प्रज्वलकडे.

"मग?" भन्ते म्हणाले.

"मग..." प्रज्वल थांबला. "मग कुणीतरी ऐकून ठेवायला हवं."

"हं."

"पण नियम आहे, भन्ते. आत कुणी बसायचं नाही."

"नियम मीच केला होता."

"तुम्ही बसता?"

खोलीच्या बाजूने खोकल्याची एक लांब उबळ आली आणि मध्येच तुटली. शालिनीबाई तिकडे धावल्या.

"मला नाही जमायचं," प्रज्वल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "एक बाई दाराआड बोलत होती आणि मला ऐकू आलं नाही. मी काय ऐकणार, भन्ते? इतकी वर्षं जे जमवलं होतं ते सगळं गेलं. माझ्यात आता काहीच उरलेलं नाही."

भन्ते उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"रिकामा आहेस ना?" ते म्हणाले. "मग जा."